एका सुराखाली एक अक्षर

उभ्या यॉर्कशरमध्ये माझ्या मामेसासऱ्यांइतका तंतोतंत माणूस झाला नाही, होणार नाही, आणि होऊ नये असं त्यांना ओळखणाऱ्या बहुतेकांचं मत आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं, आणि भूल देणारा डॉक्टर तंतोतंत असावा याबद्दल टेबलावर झोपलेल्या कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही. तक्रार होती ती जागे असलेल्यांची. मामा चहात साखर घालताना चमचा सुरीने सपाट करून घेत. मोटरवेवर मधल्या लेनमधून ताशी सत्तर मैल म्हणजे सत्तरनेच जात, आणि मागचा ड्रायव्हर दिवे मारायला लागला की आरशात बघून शांतपणे म्हणत, “त्याला घाई आहे, मला नियम आहे.” नवा माणूस भेटला की आधी त्याचं वजन विचारत, कारण वजन कळल्याशिवाय माणसाशी कसं वागायचं हे त्यांना ठरवता येत नसे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते सुट्टीवर पुण्याला आलेले होते. माझं शिक्षण, पगार, पत्रिका यांतलं काहीही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न टाकला, “वजन किती?” माझ्या वडिलांना वाटलं, विलायतेत जावई किलोवर घेतात. मी घाबरून दोन किलो कमी सांगितलं. मामांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “या हिशोबाने औषध दिलं तर ऑपरेशनच्या मध्येच उठून बसाल.” ते खोटं मला अजून खातं. मला तसं अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. इंग्लंडमध्ये आल्यापासून तर मी दिव्याच्या खांबाला धडकलो तरी त्याला सॉरी म्हणतो. पण मामांच्या बाबतीतला माझा खरा गुन्हा वेगळा आहे. ती फ्लॉपी त्यांना मी नेऊन दिली.

नव्वदीची सुरुवात होती. मामा नुकतेच निवृत्त झाले होते आणि मामींचा माझ्या बायकोमार्फत निरोप आला होता: “ह्यांना काहीतरी उद्योग द्या गं. परवापासून माझे मसाल्याचे डबे वजन करून त्यांवर चिठ्ठ्या लावताहेत.” मी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीच्या, कॉम्प्युटर विभागात कामाला. तिथला माझा एक सहकारी रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पाश्चात्त्य संगीत कागदावर छापायचा कुणा हौशी माणसाने लिहून फुकट वाटलेला एक प्रोग्रॅम त्याच्याकडे होता, तो त्याने मला फ्लॉपीवर उतरवून दिला. त्यात चित्रं नव्हती, माऊसचं काम नव्हतं. पत्र टाइप करावं तसं सगळं टाइप करायचं. वरच्या ओळीत सुरांची नावं आणि प्रत्येक सूर किती लांब त्याचा आकडा. खालच्या ओळीत गाण्याचे शब्द. मात्र शब्द अखंड लिहून चालायचं नाही. ते फोडायचे, मध्ये आडवी रेघ घालायची: गौ-रा-बा-ई. एका सुराखाली एक अक्षर. आणि एखादं अक्षर पुढच्या सुरांवरही लांबवायचं असेल तर त्या प्रत्येक सुराखाली एक छोटी रेघ टाइप करायची, म्हणजे त्या जागी पुढचं अक्षर येऊन बसत नाही. एवढं झालं की हुकूम द्यायचा आणि उठून केटल लावायची. चहा होईपर्यंत कॉम्प्युटर विचार करी. मग एक तर पाच रेघांवर ठिपके आणि त्यांखाली नेमके शब्द बसवलेलं सुरेख पान तयार होई, नाही तर कितव्या ओळीत चूक आहे एवढंच तुसडेपणाने सांगून तो गप्प बसे. मामांना हा स्वभाव अतिशय आवडला. “चूक असली तर चूक म्हणतो,” ते म्हणाले. “उगाच ‘हाऊ लव्हली’ म्हणत नाही.”

त्यानंतर मामांना जगातल्या सगळ्या बोलण्याखाली रेघा दिसायला लागल्या. सुपरमार्केटच्या काउंटरवर बाई म्हणाली, “थँक्यू, लव्ह,” तर हे पाकीट खिशात घालायचं सोडून तिला सांगायला लागले, “यू नो, तुम्ही ‘लव्ह’ या एका अक्षरावर तीन सूर लावता. खाली उतरत.” मागे रांग. मी सॉरी, सॉरी म्हणत दुधाचे कॅन पिशवीत भरतोय. ती बाई मात्र खूश. “डू आय?” म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला लगेच म्हणून दाखवलं. मामी बागेतून “अहो” अशी हाक मारायच्या, तर हे आतून “दोन अक्षरं, दुसरं लांब!” असं उत्तर देऊन जागेवरच बसायचे. आणि माझ्या ऑफिसात फोन. “जावईबापू, ओळ एकशे चौदा. अक्षरं उरलीत म्हणतो, सूर संपले.”

“मामा, मी मीटिंगमध्ये आहे.”

“मग मीटिंगला विचारा. इतकी माणसं आहेत, कुणाला तरी माहीत असेल.”

एकदा फोन आमच्या साहेबांनीच उचलला. साहेब अस्सल यॉर्कशरचा, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. माझ्या टेबलापाशी येऊन त्याने निरोप दिला, “तुझे अंकल. म्हणताहेत शब्द उरलेत आणि सूर संपलेत.” जाता जाता थांबला आणि म्हणाला, “मी त्यांना सांगितलं, माझंही तसंच चाललंय.” त्यानंतर तो फोन मला द्यायच्या आधी मामांशी बराच वेळ बोलत असे.

या सगळ्या खटाटोपाचं कारण मामी होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मामी गायच्या. क्लास वगैरे नाही, पण आवाज असा की गौरी-गणपतीला लीड्सच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या चर्च हॉलमध्ये त्या गायला लागल्या की चहाच्या बॉयलरपाशी उभी असलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. त्यांच्या आत्याने रचलेलं गौरीच्या जेवणाचं एक गाणं होतं, ते इंग्लंडात काय, कऱ्हाडातही आता कुणाला येत नसेल. “गौराबाई बसली जेवाया, वाढा गं वाढा”, आणि मग एकेक पदार्थ वाढत जायचा. पुढे त्यांच्या गळ्याशी गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळे सुटलो म्हणालो. पण आवाजाची नस दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं, आणि ऐकणारा स्वतः डॉक्टर होता. त्या दिवसापासून मामींचा आवाज म्हणजे कागद चुरगाळल्यासारखी एक कुजबुज. त्यांनी मंडळात यायचं बंद केलं.

एका शनिवारी मी मामांच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, प्रिंटरचा अडकलेला कागद सोडवत होतो, तेव्हा त्यांनी ते सांगितलं. सांगितलं तेही एखाद्या पेशंटची केस सांगावी तसं. “ती मंडळात गेली की लोक म्हणतात, ‘वहिनी, एक ओळ तरी म्हणा.’ प्रेमाने म्हणतात. म्हणून ती जात नाही. आता तेच गाणं पोरांनी म्हटलं, तर हिला म्हणा असं कोण म्हणेल? कुणी नाही. मग ती येऊन बसेल. सरळ आहे.”

“पण मामा, पोरांना मराठी वाचता येत नाही.”

“म्हणून तर. संगीत वाचता येतं की नाही? शाळेत सगळे काही ना काही वाजवतात. शब्द रोमन लिपीत खाली लिहायचे. जे छापलेलं आहे ते इंग्लिश शाळेतली पोरं बरोब्बर वाजवतात.” मग प्रिंटरकडे बघत, “गाठ काढून टाकू असं मीच म्हटलं होतं,” एवढं बोलून त्यांनी मला कागद सरळ धरायला सांगितलं.

त्यांच्याकडे त्या गाण्याची एकच टेप होती. ऐंशीच्या आसपास त्यांनी नवा कॅसेट रेकॉर्डर घेतला, तो कसा चालतो ते बघायला म्हणून स्वयंपाकघरात मामींचं गाणं घेतलेलं. मामा कानाला हेडफोन लावून त्या टेपचा एकेक घास घेत, थांबवत, पेटीवर तो सूर शोधत आणि टाइप करत. स्वतः म्हणूनही बघत. मामांचा आवाज हा त्यांच्या तंतोतंतपणाला असलेला एकमेव अपवाद. शेजारची खोली मामींची. त्या कितीतरी आठवडे भिंतीपलीकडे नुसत्या विणत बसायच्या. मग एके दुपारी हातात उलथनं घेऊन दारात आल्या आणि त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, “‘तूप’ला असा हेलकावा नाहीये. माझी आत्या वरून बघत असेल तर तिला काय वाटेल?” आणि उलथन्याने चौकटीवर ठेका धरून दाखवला. मामांनी ती सगळी ओळ पुसून नव्याने टाइप केली. पण कार्यक्रमाला येशील का असं विचारलं, तेव्हा मामी उलथनं घेऊन निघून गेल्या.

मंडळातली मुलं गोळा झाली. तीन-चार व्हायोलिन, दोन क्लॅरिनेट, एक फ्लूट, आणि एक भला मोठा पितळी ट्रॉम्बोन, ज्याच्या आईवडिलांचा त्याबाबतीत काही इलाज चालत नव्हता. बाकीची गाणारी. पहिली तालीम आमच्या बैठकीत झाली आणि पहिल्याच ओळीत घोटाळा झाला. एका लांबवलेल्या अक्षरापुढची एक छोटी रेघ मामांकडून टाइप करायची राहिली होती. तेवढ्याने सगळी अक्षरं एकेक सूर अलीकडे सरकली होती आणि सबंध कडवं आपल्याच सुरांच्या पुढे पळत होतं. मुलांनी अगदी छापल्याप्रमाणे म्हटलं. भात वाढायच्या सुरावर वरण आलं, वरणाच्या सुरावर तूप सांडलं, आणि शेवटी सूर शिल्लक, शब्द नाहीत. मुलं तोंडं उघडी ठेवून मामांकडे बघत राहिली.

“मामाआजोबा,” आमची मुलगी म्हणाली, “लास्ट बारमध्ये वर्ड्सच नाही आहे. आम्ही ‘आ’ करू का?”

“अजिबात नाही. ‘आ’ टेपमध्ये नाही.”

“पण इट्स ओन्ली वन नोट!”

“भूल देताना असं म्हणून बघ,” मामा म्हणाले, आणि पोरांच्या हातातली सगळी पानं परत गोळा केली. त्या चुकीने त्यांची झोप उडाली. त्यांनी ठरवलं की आता टेपमधला एकही आवाज सुटता कामा नये. पुन्हा पहिल्यापासून टेप ऐकायला घेतली. नवी पानं कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी तयार झाली, आणि पुढच्या तालमी चर्च हॉलमध्येच झाल्या. आम्ही पालक मुलांना दारात सोडायचो आणि त्या तासाभरात खरेदी उरकायचो. याबद्दलही मला वाईट वाटतं, पण त्या हॉलमध्ये हीटिंग चालत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मामींचं डोकं दुखायला लागलं. मी त्यांना आणायला गेलो होतो, कारण मामांची गाडी वाद्यांच्या स्टँडनी भरलेली होती. मी घाईघाईने काहीतरी गोड बहाणा जुळवत होतो, तेवढ्यात मामाच मागोमाग आले. त्यांना बहाणे जमत नाहीत. कोटही न काढता त्यांनी सरळ सांगितलं, “पोरं तुझं गाणं म्हणणार आहेत. मी टेपवरून लिहिलंय. चुकलं तर हॉलमध्ये कुणालाच कळणार नाही. तू सोडून कुणालाच नाही. त्यामुळे तू यायला हवीस.” मामींनी चपला बदलल्या. हॉलमध्ये मात्र सगळ्यांत मागच्या रांगेत, दाराशेजारच्या खुर्चीवर, कोट अंगावर ठेवूनच बसल्या. कुणी ओळखीचं हसलं की मान हलवत. मी मधल्या रांगेत. माझं सगळं लक्ष मागे.

जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, टेबलावर गणपती, शेजारी गौरी, आणि त्यांच्यासमोर आमची शाळेच्या काळ्या बुटांतली, झब्बे घातलेली फौज. मामांनी बोट वर केलं. पहिलं कडवं असं स्वच्छ गेलं की माझा श्वास मोकळा झाला. गौराबाई बसली, पान मांडलं, भात वाढला. मी चोरून मागे पाहिलं. मामींची बोटं कोटाच्या बटणावर ठेका धरत होती. दुसरं कडवं सुरू झालं. “वरण वाढा गं, तुपाची धार वाढा...” आणि इथे फ्लूट एकाएकी छताला भिडेल अशा उंच सुरावर तीनदा किंचाळला, आणि लगोलग सगळी मुलं, एका ठेक्यात, एका सुराखाली एक अक्षर ठेवत, भक्तिभावाने गायला लागली:

“अ-हो कु-कर बं-द क-रा, व-रण ला-गेल!”

ट्रॉम्बोनने ‘लागेल’ अगदी गंभीरपणे लांबवलं.

हॉलमध्ये क्षणभर कुणालाच काही समजेना. मग बायकांच्या बाजूने एक जण खुदकन हसली, आणि बांध फुटावा तसा सगळा हॉल हसायला लागला. अध्यक्ष हसले, चहावाल्या हसल्या, हॉलच्या चाव्या सांभाळणारे इंग्रज गृहस्थ काही न कळता हसले. मुलं गोंधळली. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून आधी गाणारी थांबली, मग व्हायोलिनं, सगळ्यांत शेवटी ट्रॉम्बोन. आमच्या मुलीचा चेहरा रडवेला झाला. मामा बोट वर धरून तसेच उभे, आपल्या पानात कुठे चूक आहे ते शोधत. आणि मी मेल्याहून मेला झालो. सहा महिने खपून या माणसाने बायकोला दारापर्यंत आणलं होतं, आणि आता सगळा हॉल तिच्या गाण्याला हसत होता. ती फ्लॉपी मी दिली होती. मला मागे वळून बघायचा धीर होईना.

वळलो तेव्हा मामी खुर्चीत वाकल्या होत्या. खांदे हलत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि दिसलं की त्या हसत होत्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्या उठल्या. कोट खुर्चीवर टाकला आणि बॅडमिंटनच्या रेघा ओलांडत थेट मुलांपुढे येऊन उभ्या राहिल्या. हॉल गप्प झाला. कुणीही “एक ओळ म्हणा” म्हणालं नाही.

“थांबलात का रे?” त्या चिरक्या कुजबुजीत त्यांनी विचारलं. “बरोबर चाललंय. गौराबाई उपाशी बसलीय, पुढचं वाढा ना!” आणि त्या पुढची ओळ बोलल्या. गायल्या नाहीत, नुसते शब्द, एकेक, कोरडे, सूर नसलेले. मुलांनी ते शब्द उचलले आणि छापलेल्या सुरांवर ठेवले. मग त्या पुढची ओळ बोलल्या. असं शेवटपर्यंत. पापड वाढला, लोणचं वाढलं, विडा दिला. मामांचं बोट चालत होतं, पण पानाकडे ते बघत नव्हते.

नंतर चहाच्या रांगेत मी मुलीला विचारलं, “अगं, तुला शंका नाही आली? गाण्यात कुकर?”

“बाबा, गौरीसाठी कुकिंग चाललंय ना? मग कुकर असणारच,” ती म्हणाली.

मामांना विचारलं, तर ते चमचा सपाट करत म्हणाले, “कळलं होतं मला, ती बोलतेय ते. इतकं मराठी येतं.”

“मग गाळलं का नाही?”

“आवाज तिचाच होता ना,” मामा म्हणाले. “त्यातला कुठला गाळायचा?”

परतताना मामी मामांच्याच गाडीत बसल्या. माझी गाडी बायको मुलीला घेऊन पुढे गेली होती, म्हणून मी मागच्या सीटवर, मांडीत स्टँड घेऊन. सिग्नलला मामांनी विचारलं, “ती ओळ काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे.” मामी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “राहू दे. त्या दिवशी वरण लागलंच होतं. तुम्ही टेपरेकॉर्डर धरून बसला होतात.” हिरवा दिवा लागला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मामांना सिग्नलवर उशीर करताना पाहिलं.

त्यानंतर मामींचं एकही वर्ष चुकलं नाही. त्यांच्या बाकीच्या गाण्यांच्या टेप नव्हत्या. ती त्यांनी बोलून आणि ठेका देऊन सांगितली, मामांनी पेटीवर चाचपून टाइप केली. आमची मुलगी आता ब्रिस्टलला शिकते. व्हायोलिनची, गाण्याची सगळी पोरं अशीच पांगली, त्यांच्या जागी नवी आली, आणि तीही कुकरची ओळ तितक्याच भक्तिभावाने म्हणतात. परवाच पुण्याहून नवीन आलेल्या एका मुलीने मला हळूच विचारलं, “काका, ही तुमच्या लीड्सकडची पद्धत आहे का?” मी हो म्हणालो. खोटं होतं की खरं, ते मला ठरवता आलं नाही.

मामांना आता ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावलं तर हॉलमधल्या खुर्च्या सरकवल्याचेच आवाज मोठे होतात, म्हणून ते काढून खिशात ठेवतात. दोघं पहिल्या रांगेत बसतात. यंदा गाणं सुरू झालं तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. मामी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन गाण्याचे शब्द सांगत होत्या, मुलं म्हणतील तसे, एकेक. त्यांचा तो आवाज एरवी हातभर अंतरावर पोचत नाही. मामा डोळे मिटून मान हलवत होते, आणि अगदी तालात हलवत होते. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, “मामा, ऐकू येत होतं का काही?”

“शब्द ही सांगते,” मामा म्हणाले. “सूर मला पाठ आहेत.”